ताप नव्हता

आमच्या घरात आजारी पडायचं असेल तर मायची परवानगी लागायची. तिवश्याच्या अलीकडे, अमरावतीच्या रस्त्यापासून थोडं आत आमचं फुलांचं शेत. झेंडू, शेवंती, निशिगंध, आणि बांधाच्या कडेनं गुलाब. फूल ऊन चढायच्या आत तोडावं लागतं, नाहीतर बाजारात पोचेपर्यंत ते मान टाकतं. झाडाला काही रविवार कळत नाही. म्हणून फटफटायला लागलं की माय आम्हा दोघी बहिणींच्या अंथरुणाशी यायची आणि कपाळावर हात ठेवायची. आधी पालथा, मग सुलटा. गरम लागलं तर म्हणायची, "निजून राह्य." गार लागलं तर पांघरूण ओढायची. पोट दुखतं, डोकं धरलंय, अंग मोडून आलंय, यातलं काहीही तिच्यापुढे चालायचं नाही. "आंग तं गार हाय," एवढं बोलून ती टोपल्या काढायला निघून जायची.

त्या हातावर सगळ्यांचा भरवसा होता. शेजारच्या बाया कडेवरची लेकरं घेऊन यायच्या आणि म्हणायच्या, "हात लावून पाय बरं व, गरम लागते का?" बाबांनी कधीतरी थर्मामीटर आणला होता, तो कापसात गुंडाळून डब्यात पडलेला असायचा. एकदोनदा पडताळून पाहिलं तेव्हा मायचंच बरोबर निघालं. मग तो काढायच्या फंदात कुणी पडलं नाही.

जखमेचंही तसंच. काटा मोडला, विळा लागला, की हळद आणि तेल. मग वाट बघायची, पिकते का. पिकली, पू धरला, ठणका लागला, म्हणजे आत काहीतरी आहे, चला दवाखान्यात. नाही पिकली तर सुकून जाते. आता कुणी शहाणा मला सांगायला आला की ही अडाणी रीत आहे, तर मी त्याला दारातूनच परत पाठवीन. आम्ही याच रीतीत वाढलो आणि धडधाकट वाढलो. जवळजवळ सगळ्या माणसांना ती पुरते. आमच्या घरात एकीला नाही पुरली.

मी थोरली. लग्नानंतर अकोल्याला आले, वीज कार्यालयात तक्रारींच्या खिडकीवर बसते. दिवसभर लोक माझ्यावर ओरडतात आणि मी लोकांवर, त्यामुळे घरीही माझा आवाज चढलेलाच असतो. धाकटी माझ्या अगदी उलट. अमरावतीला कॉलेज केलं, पदवी घेतली, आणि नोकरीच्या मागे न लागता सरळ शेतात परत आली. तिला फुलांचं वेड होतं. लग्नाच्या वरमाला, देवीचे हार, गाडीची सजावट, सगळ्या ऑर्डरी फोनवर घ्यायची आणि सुई-दोरा घेऊन ओसरीवर बसायची. बसल्या बसल्या माझी नक्कल करायची. कपाळाला आठ्या घालून, चष्मा नाकावर ओढून, "अर्ज कुठाय? आधी अर्ज द्या!" माय हसत हसत डोळे पुसायची. मी मात्र दर वेळी चिडायचे, आणि मी चिडते म्हणूनच ती ते करायची.

तिचं दुखणं बोटांपासून सुरू झालं. सकाळी उठल्यावर मूठ वळेना, सुई धरता येईना. मग नाकाच्या दोन्ही बाजूंना गालांवर लाल चट्टे उठले. केस कंगव्यात यायला लागले. लोक म्हणाले, उन्हानं झालं. मायनं कोरफड लावली, गावातल्या डॉक्टरनं मलम दिलं. बघायला आलेलं एक स्थळ चहा पिऊन गेलं आणि परत फोन आला नाही. त्या दिवसांत तिला ताप मात्र यायचा, बारीक, संध्याकाळकडे, आणि तो सगळ्यांत आधी मायच्या हाताला कळायचा. आमच्यापैकी कुणाच्या मनात नसताना मायच म्हणाली, "हिच्या आंगात काही तरी हाय. हा सादा ताप नाई." तेव्हाही हाताचंच बरोबर ठरलं, हे मुद्दाम लिहून ठेवते.

मी तिला आणि मायला अकोल्याला आणलं. तपासण्या झाल्या आणि एका डॉक्टरबाईंनी आम्हा तिघींना समोर बसवून आजाराचं नाव सांगितलं. ल्यूपस. बाई वयानं माझ्याहून लहान, पण बोलणं शांत. त्या म्हणाल्या, "बाहेरून कुणी आलेलं नाही. शरीरात जंतूंशी लढणारी यंत्रणा असते. तिला आपलं कोण आणि परकं कोण हे ओळखता यावं लागतं, आणि कुठं थांबायचं हेही कळावं लागतं. हिच्या यंत्रणेला ते कळेनासं झालंय. ती हिच्याच सांध्यांवर, कातडीवर, किडनीवर उठलीय."

धाकटी म्हणाली, "म्हणजे माहं कुत्रं मलेच चावून राह्यलं."

डॉक्टर हसल्या. "अगदी. आता आपण त्याला बांधून ठेवणार आहोत."

त्या बांधून ठेवण्याच्या गोळ्या सुरू झाल्या. एक स्टेरॉइडची, बरोबर आणखी एक, प्रतिकारशक्ती दाबणारी. गुण आला. काय सांगू किती गुण आला! मूठ वळायला लागली, चट्टे फिके झाले, भूक लागली. ती परत हार गुंफायला बसली, आता फक्त उन्हात जायचं नाही, गेलंच तर पूर्ण बाह्यांचा सदरा आणि चेहऱ्याला ओढणी. गोळ्यांनी तिचा चेहरा सुजून गोल झाला. गावातल्या बाया म्हणायला लागल्या, "पोरीची तब्येत लागली आता." मला त्या बायांचा असा राग यायचा! ती सूज होती, तब्येत नव्हती. पण धाकटी गाल फुगवून म्हणायची, "पाय ताई, फुकटात फुगली."

आणि ताप गेला. तो बारीक, संध्याकाळचा ताप गेला तो गेलाच. मायनं कितीतरी दिवस रोज हात लावून पाहिला, आणि एक दिवस मला फोनवर म्हणाली, "गोयायनं गुन आला व. आंग अगदी गार लागते आता." तिच्या आवाजात जो आनंद होता तो मला अजून आठवतो. आमच्या घरात अंग गार म्हणजे सगळं ठीक, यापलीकडे हिशेबच नव्हता.

डॉक्टरांनी सांगितलं होतं. हे मला लिहिलंच पाहिजे, कारण त्यांच्यावर उगाच आळ यायला नको. त्या म्हणाल्या होत्या की या गोळ्यांनी ताप दबतो, सूज दबते, म्हणून बारीकसारीक काहीही झालं तरी फोन करा. आम्ही तिघींनी माना डोलावल्या. पण बारीकसारीक म्हणजे काय? गुलाबाच्या आणि सुईच्या घरात बोटाला टोचणं हे बारीकसारीक नाही, ते रोजचं आहे. त्याचा फोन कोण करतं? गोळ्यांनी ताप दबतो हे आम्ही ऐकलं होतं, पण ताप दिसणारच नाही आणि आत सगळं चालू राहील, हे आम्हाला त्यातून कळलं नव्हतं. ऐकणं वेगळं, कळणं वेगळं.

दसरा झाला आणि दिवाळीच्या ऑर्डरी सुरू झाल्या. आमच्याकडे हा काळ म्हणजे जेवायला वेळ नसतो. झेंडूनं शेत पिवळंधम्मक, ओसरीवर ढीग, आणि मध्ये ही, सुई घेऊन. जाड सुई डाव्या हाताच्या मधल्या बोटात नखाच्या कडेला घुसली. तिनं बोट तोंडात घातलं, पुसलं, पुढचं फूल ओवलं. संध्याकाळी मायनं हळद-तेल लावलं. बोट थोडं जडावलं, थोडं निळसर दिसायला लागलं, पण पिकलं नाही. पू नाही, ठणका नाही, लालीही म्हणावी इतकी नाही. तिनं मला व्हिडिओ कॉलवर बोट दाखवलं.

"माय काय म्हनते?" मी विचारलं.

"माय म्हनते, पिकलं नाई तं सुकून जाईन." मग बोट कॅमेऱ्याच्या अगदी जवळ आणून म्हणाली, "साहेबीण, अर्ज करू काय याच्यासाठी?"

आम्ही दोघी हसलो. मी इथे स्वतःला झोडपून घ्यायला बसलेली नाही. जे बोट मी पाहिलं ते कुणीही पाहिलं असतं तर हसलंच असतं. आमच्या घरातल्या कुणाच्याही बोटाला यापेक्षा वाईट झालेलं होतं आणि ते बरं झालेलं होतं.

त्यानंतर एका सकाळी तिला उठवेना. अंगात कणकण वाटते, थंडी वाजते म्हणाली. माय आली, कपाळावर हात ठेवला, पालथा आणि सुलटा. गार. नेहमीपेक्षाही गार. मायनं तिला उठ म्हटलं नाही, हेही लिहायला हवं. आजारी पोर होती ती, तिला आता कुणी शेतात हाकलत नव्हतं. पण माय म्हणाली, "ताप नाई. थकली तू. चहा घे, पड जराशी." आणि निश्चिंत होऊन फुलं तोडायला गेली. तीच निश्चिंती आम्हाला भोवली. अंग तापलेलं असतं तर मायनं सगळी फुलं तशीच टाकून बाबांना गाडी आणायला धाडलं असतं. तेवढं तिला खात्रीनं माहीत होतं, आणि तेवढंच तिला पुढे कितीतरी दिवस झोपू देईना.

माय शेतातून आली तेव्हा धाकटी ओसरीवर बसलेली होती आणि समोरच्या ढिगातल्या फुलांना काहीतरी समजावून सांगत होती. वाक्यं जुळत नव्हती. ओकारी झाली होती. मायनं हात लावला तर अंग ओलं आणि थंडगार. बाबांनी शेजाऱ्याची गाडी आणली. अमरावतीच्या डॉक्टरनं रक्तदाब पाहिला, परत पाहिला, तातडीनं सलाइन लावलं आणि म्हणाला, मोठ्या ठिकाणी न्या. तिचे सगळे कागद, तिची डॉक्टर अकोल्याला, म्हणून तिकडेच निघाले. रुग्णवाहिकेत ती मध्येच शुद्धीवर येऊन म्हणाली म्हणे, "ताईकडे चालली काय मी?" आणि परत डोळे मिटले.

मी दवाखान्याच्या दारात उभी होते. माय उतरली तीच बोलत उतरली, "ताप नव्हता व. ताप नव्हता." तिनं ते स्ट्रेचर ढकलणाऱ्याला सांगितलं, नर्सला सांगितलं, दारावरच्या चौकीदाराला सांगितलं. कुणी विचारलेलं नव्हतं. जणू हे एक वाक्य सगळ्यांना पटलं की पोरीला घरी न्यायला देतील.

डॉक्टरबाई आल्या. त्यांनी बोट पाहिलं, दंड पाहिला, भराभर सूचना दिल्या, औषधं सुरू झाली. मग त्या मायच्या शेजारी बाकावर बसल्या. "मावशी," त्या म्हणाल्या, "ताप जंतू आणत नाहीत. ताप आपलं शरीर आणतं, लढायला. पू, लाली, ठणका, हे सगळं शरीरच करतं. हिचं शरीर आपण औषधानं गप्प बसवलेलं होतं, म्हणून त्यानं आरडाओरडा केला नाही. सुईवाटे जंतू आत गेले आणि रक्तात पोचले, तरी वरून काही दिसलं नाही."

माय ऐकत राहिली. मग म्हणाली, "मंग तुमी मले तवाच काहून नाई सांगतलं, का हिच्या आंगाच्या गारपनावर भरोसा ठेवू नोको म्हनून?"

डॉक्टर म्हणू शकल्या असत्या की सांगितलं होतं. मी तिथे साक्षीला होते. त्यांनी फक्त मायच्या पाठीवर हात ठेवला. मी त्या बाईंची जन्माची ऋणी आहे.

धाकटी दुसऱ्या दिवशी शुद्धीवर आली. नाकाला ऑक्सिजन, हातात सुया, बोट चिरून बांधलेलं. पण बोलायला लागली. डॉक्टर मला बाजूला घेऊन सांगायच्या की गोळ्यांचं आता फार अवघड झालंय. प्रतिकारशक्ती दाबणारी गोळी चालू ठेवावी तर जंतूंना मोकळं रान, बंद करावी तर जुना आजार उसळेल. स्टेरॉइड तर एकदम थांबवताच येत नाही, इतके दिवस बाहेरून मिळत असल्यानं शरीर स्वतःचं बनवायचं विसरलेलं असतं. एक गोळी त्यांनी बंद केली, स्टेरॉइड वाढवलं. धाकटीनं कान देऊन ऐकलं असावं. तपासायला आलेल्या डॉक्टरांना म्हणाली, "मॅडम, थोडीशी साखळी सैल करा न त्याची. चोर घरात आहे."

"तेच करतेय," डॉक्टर म्हणाल्या. "पण अगदी मोकळं नाही सोडायचं."

"नाई तं मलेच खाईन," ही म्हणाली आणि हसता हसता तिला खोकला आला.

बाबा शेतातून आले ते शेवंतीची पहिली फुलं घेऊन. तिच्या हातानं लावलेली शेवंती होती. चौकीदारानं अडवलं, आत फुलं चालत नाहीत, त्यांच्यावर जंतू असतात. बाबांना ते समजेना. फुलावर जंतू? जन्म गेला त्यांचा फुलांत. माझं डोकं फिरलं, मी चौकीदाराला चार शब्द सुनावले, खिडकीवर सुनावते तसे. त्याचं काही चुकलेलं नव्हतं. बाबांनी पिशवी गुपचूप दवाखान्यासमोरच्या चहावाल्याला दिली आणि म्हणाले, "देवाले वाहा." आत येऊन तिला सांगितलं, शेवंती फुलली, पांढरी आधी आली. ती म्हणाली, "पिवळी आधी यायले पायजे होती," आणि त्यावरून दोघांचं बराच वेळ चाललं. तेवढा वेळ मला वाटलं, सगळं ठीक होणार आहे.

मग तो अहवाल आला. रक्त परत तपासायला पाठवलं होतं आणि त्यात आता एकही जंतू वाढलेला नव्हता. डॉक्टरांच्या हाताखालच्या मुलीनं सहज जाता जाता सांगितलं, "रक्त स्वच्छ आलं." बाबांनी तिथंच, जिन्यात उभं राहून, फोनवर फोन लावले. आत्याला, मामाला, ज्यांच्या गाडीतून अमरावतीला नेलं त्यांना. "मेले साले सारे! एकबी नाई राह्यला!" त्यांनी खालून पेढे आणले, नर्सना वाटले, परवा अडवणाऱ्या चौकीदारालाही दिला. माय घरून निघाल्यापासून नीट जेवली नव्हती, ती त्या दिवशी माझ्या घरी येऊन पोळी-भाजी जेवली, न्हाली आणि गाढ झोपली. दिवाळीचा माल तोडायला म्हणून बाबा रवाना झाले. मीही कार्यालयात फोन करून सांगितलं की दोनतीन दिवसांत येते.

डॉक्टर मात्र पेढा हातात घेऊन नुसत्या उभ्या होत्या. खाल्ला नाही. मला तेव्हा त्यांचा थोडा रागच आला. आनंदाच्या वेळी माणसानं तोंड गोड करावं.

संध्याकाळी धाकटीचा श्वास जोरात चालायला लागला. लघवी कमी झाली होतीच, ती बंद झाली. डायलिसिस लावलं. मग छातीत पाणी भरलं आणि त्यांनी तिच्या घशात नळी घातली, यंत्र लावलं, झोपेचं औषध दिलं. नळी घालायच्या आधी मला आत बोलावलं. ती बोलायच्या स्थितीत नव्हती, श्वासालाच पुरत नव्हती. तिनं माझा हात दाबला आणि भुवया वर करून माझ्याकडे पाहिलं. काय विचारायचं होतं ते मला कळलं नाही. मी म्हटलं, "हाव, हाव, सारं बरोबर हाय." हे मी का म्हटलं कोण जाणे. दिवसभर खिडकीवर लोकांना म्हणते तसंच म्हटलं.

बाबा परत आले. रोज एकेक गोष्ट बिघडत गेली. यकृत, मग रक्त गोठण्याचं, मग रक्तदाब धरून ठेवण्याची औषधं वाढत गेली. रक्त पुन्हा तपासलं, पुन्हा स्वच्छ. दर वेळी स्वच्छ. मला त्या शब्दाची शिसारी यायला लागली.

एका सकाळी डॉक्टरांनी आम्हाला बोलावलं. बाबा खाली मान घालून उभे होते. मायनं मात्र सरळ डॉक्टरांच्या डोळ्यांत पाहिलं.

"मॅडम, जंतू मेले न?"

"मेले मावशी."

"सारे?"

"आम्हाला सापडत तरी नाहीत. सगळे गेले असंच दिसतंय."

"मंग आता कोन मारून राह्यलं माह्या पोरीले?"

डॉक्टरांनी आधी माझ्याकडे पाहिलं. मला वाटतं, त्यांना कुणीतरी त्यांच्याऐवजी बोलायला हवं होतं. मग त्या म्हणाल्या, "तिचं तिलाच होतंय, मावशी. जंतूंशी लढायला शरीरानं जे सगळं बाहेर काढलं, ते आता आवरत नाहीये. जंतू गेले हे त्याला कळलंच नाही. निरोगी माणसातही कधीकधी असं होतं. हिच्यात तर थांबवणारा भाग आधीपासूनच बिघडलेला होता. आम्ही बाहेरून थांबवायचा प्रयत्न करतोय, पण ते आमचं ऐकत नाहीये."

"म्हंजे आत आता दुसरं कोनीच नाई?"

"नाही. आता फक्त तीच आहे."

मायनं पदर खोचला आणि मला आत नेऊन सोड म्हणाली. एकेकालाच सोडायचे, पण नर्सनं आम्हा दोघींना जाऊ दिलं. धाकटीचा चेहरा आणखी सुजला होता, डोळ्यांवर पट्टी होती. माय तिच्या कानाशी वाकली. मला वाटलं, रडेल, नाव घेऊन हाक मारेल. ती बोलली ती अगदी साध्या आवाजात, लहानपणी आम्ही दोघी भांडायला लागलो की आम्हाला सोडवताना बोलायची तशी.

"गेले ते सारे, बाई. मॅडमनं सोता पायलं. कोनीच नाई राह्यलं आता तुह्या आंगात. कोनाशी भांडून राह्यली तू? बस कर आता. लय झालं. सोड, माय, सोडून दे."

ते ती पुन्हा पुन्हा सांगत राहिली. झोपेच्या औषधात काही ऐकू जात नाही असं नर्स हलकेच म्हणाली. मायनं तिच्याकडे लक्ष दिलं नाही. शेवटी नर्सनंच मायला खांद्याला धरून बाहेर आणलं.

दुपारच्या आत धाकटी गेली.

आम्ही तिला गावी नेलं. शेतात तोडायचा राहिलेला झेंडू होता, तो लोकांनीच तोडून आणला. त्यानंतरचं मला सलग आठवत नाही, आणि आठवलं तरी लिहावंसं वाटत नाही. माझी बहीण गेली. एवढंच ते आहे. मला अजूनही रोज सकाळी फोन उघडला की वाटतं, तिनं फुलांचा फोटो पाठवला असेल, आणि अजूनही रोज तो नसतो.

ताप नव्हता हे वाक्य मायनं सोडलं. त्याबद्दल मी तिला पुष्कळ समजावलं होतं, डॉक्टरांनीही फोन करून समजावलं, आणि ते तिला हळूहळू पटलं की कुणाच्याही हाताला ते कळलं नसतं. मला वाटलं, चला, एवढं तरी ओझं उतरलं. मग या उन्हाळ्यात मी गावी गेले होते. ओसरीवर आम्ही दोघीच बसलो होतो. माय निशिगंध निवडत होती. मान वर न करता तिनं विचारलं, "मी बस कर म्हनलं, सोड म्हनलं. म्हनून सोडलं काय व तिनं?"

मी म्हटलं, "नाई माय. तिले ऐकू येत नोतं."

"मायचं बी नाई ऐकू येत?"

मी म्हटलं, नाही. मायनं मान हलवली, फुलं निवडत राहिली. मी जाते तेव्हा दर वेळी ती हेच विचारते, आणि मी दर वेळी तिला सांगते की नाही माय, तिला ऐकू येत नव्हतं, तिला तुझं काहीच ऐकू गेलं नाही.